तिच्या ‘नाही’चं पुढे काय होतं

मृगाचा पाऊस लागला त्या रात्री लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. भाची आणि मी पडवीत बसलो होतो, मधे कंदील. तिच्या फोनमध्ये बारा टक्के चार्जिंग उरलं होतं आणि तेवढ्यात तिला एका क्रमशः प्रेमकथेचा भाग १४३ संपवायचा होता. ती मोठ्यानं वाचत होती, मी अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, करत ऐकत होते.

गोष्ट ओळखीचीच होती. नायक मोठ्या कंपनीचा मालक, तापट, लहानपणी आईला पारखा झालेला. नायिकेच्या बाबांवर कर्ज. कर्ज फेडायचं म्हणून एक वर्षाच्या करारावर लग्न. एकशे त्रेचाळिसाव्या भागात ती माहेरी जायला निघते. तो दारात तिचं मनगट धरतो, तिला भिंतीशी उभी करतो आणि तू कुठेही जाणार नाहीस असं सांगतो. ती ‘सोडा मला’ म्हणते. त्याच्या पुढच्याच ओळीत तिच्या अंगावर शहारा येतो आणि तिला कळतं की आपण ह्याच्या प्रेमात पडलो आहोत. भाग समाप्त. पुढचा भाग उद्या उघडणार.

भाचीनं फोन उपडा ठेवला. थोडा वेळ पागोळ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मावशे, माका ह्यो आवाडणा नाय. सगळ्यांका आवाडता. माझाच कायतरी चुकता काय गो?”

माझा हात दोऱ्यावर थांबला. कारण हाच प्रश्न, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी वीस वर्षांची असताना माझ्या आत्येला विचारला होता.

मी गेली अकरा वर्षं गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. ‘क’ वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या, आठ कपाटं, मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल. वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाणारी एसटी मोचेमाडची घाटी उतरून पुढे आरवलीकडे येते, त्या पट्ट्यात आमचं गाव. देवघेवीची वही माझ्याकडे असते, म्हणून कोण काय वाचतं ते मला ठाऊक असतं. मुली प्रेमकथा वाचतात. त्यांच्या आयाही वाचत होत्या. मीही वाचल्या, आणि भरपूर वाचल्या. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ह्याच कपाटांतल्या दोनशे तरी कादंबऱ्या माझ्या वाचून झाल्या होत्या. म्हणून पुढे जे लिहितेय ते प्रेमकथांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. ज्या घरात आपण वाढलो त्या घराच्या गळक्या कौलांबद्दल आपणच बोलायचं असतं.

तेव्हा मी वेंगुर्ल्याला कॉलेजला जायचे. एक मुलगा रोज माझ्याच एसटीला चढायचा आणि माझ्या मागच्या सीटवर बसायचा. मी सकाळच्या पहिल्या तासाला गेले तरी तो हजर, दुपारी उशिरा सुटले तरी स्टँडवर उभा. माझ्या वहीत दोनदा चिठ्ठ्या निघाल्या. मैत्रिणी म्हणायच्या, काय नशीब गो तुझा. मला मात्र त्याला बघितलं की पोटात गोळा यायचा.

ह्यात मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला, ते मी आज पहिल्यांदा लिहितेय. मला वाटायचं की हा गोळा ही पहिली पायरी आहे. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत नायिकेला नायक आधी आवडतच नसे. ती चिडायची, फटकारायची, वही आपटून निघून जायची. मग एका संध्याकाळी पाऊस यायचा, नाहीतर ती आजारी पडायची, नाहीतर त्याला अपघात व्हायचा, आणि त्या रागाखाली प्रेमच होतं हे तिला उमजायचं. माझ्याही रागाखाली काहीतरी असणार, ते उमजायचं बाकी आहे, असं धरून मी चालले होते. आठ महिने. आरशात स्वतःकडे बघून मी शोधायचे की ते कुठे दिसतंय का. दिसायचं नाही, तेव्हा वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

एकदा स्टँडवर मी त्याला सरळ ‘नाही’ म्हणाले. त्यानं हसून आपल्या मित्रांना सांगितलं, नाही म्हणजे हो. आणि मी घरी येताना, घाटीत गाडी वळणं घेत असताना, मनात म्हटलं, असेलही.

आत्ये वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकायची. शिक्षण सातवी, पण वाचनाचं वेड माझ्याहून जास्त. गिऱ्हाईक नसलं की पाटीमागे कादंबरी उघडी. आमच्या वाचनालयात आजही काही पुस्तकं अशी आहेत की मधल्या पानांवर सुकलेलं खवलं चिकटलेलं सापडतं. ती आत्येनं नेलेली पुस्तकं. तिला मी विचारलं, तो सगळ्यांना आवडतो, मलाच का आवडत नाही. ती बांगडे मोजत होती. मोजणं न थांबवता म्हणाली, “आवाडला काय आपसूक कळता गो. वाट बघूची लागणा नाय.”

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला ती माझ्याबरोबर चढली. रिकामी पाटी मांडीवर घेऊन नेमकी मागच्या सीटवर, त्याच्या जागेवर बसली. त्याला काही बोलली नाही, माझ्याशीही फारसं बोलली नाही. पंधरा दिवस ती तशीच येत राहिली. सोळाव्या दिवशी तो गाडीला नव्हता.

त्या वेळी असल्या वागण्याला कायद्यात वेगळं नाव नव्हतं. २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम आलं. मुलीनं स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही तिच्या मागे मागे जाणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधायचा प्रयत्न करणं हा गुन्हा ठरला. आता भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७८ आहे. मी ते कलम वाचलं तेव्हा ‘स्पष्ट अनिच्छा’ ह्या दोन शब्दांशी बराच वेळ थांबले. कायदा मुलीचं तोंडचं बोलणं धरतो. कादंबरी तिचे डोळे धरते.

हे डोळ्यांचं प्रकरण मला एका पुस्तकानं शिकवलं. दाखल क्रमांक २०४७. मुखपृष्ठ गेलंय, नावाचं पान कसरीनं खाल्लंय, त्यामुळे वाचनालयात ते क्रमांकानंच ओळखलं जातं. मुंबईहून गावात आलेला डॉक्टर आणि गावातली शिक्षिका, अशी गोष्ट. पान ११८ वर दोघं देवळाच्या सभामंडपात पावसात अडकलेली असतात. तो तिचा हात धरतो, ती सोडवून घेते, नको म्हणते. तो म्हणतो की तुझे डोळे वेगळंच सांगताहेत. आणि लेखक त्याच्या बाजूनं उभा राहतो, तिचे डोळे खरंच वेगळं सांगत असल्याचं लिहून मोकळा होतो.

त्या पानाच्या समासात चार जणींचं अक्षर आहे. वरती निळ्या शाईत ‘वा!’. खाली पेन्सिलीनं ‘किती गोड’. तिसरीनं फक्त तारीख घातलीय, १२-८-८९, आणि पुढे एक बारीक बदाम. चौथीचं अक्षर तिरकं, पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या पानावर हाताला लागते. तिनं लिहिलंय, ‘ती नको म्हणाली होती.’

पुस्तकांवर लिहिलेलं खोडून काढणं हे माझं काम आहे. ह्या पानाला मी खोडरबर लावलेलं नाही. चौथी कोण, मला कधी कळलं नाही. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या परतीच्या तारखांवरून ती नव्वद सालानंतरची असावी असा माझा अंदाज. आमच्याच गावातली असणार. कदाचित आता कुणाची सासू असेल.

मुलींच्या वाट्याला आलेल्या प्रेमकथेचा हा साचा कुठून आला ते मी माझ्या परीनं शोधत गेले. हाताशी कपाटंच होती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागलं. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिच्या संसारातला आनंदाचा काळ कुठला, तर नवरा तिला वाचायला शिकवतो आणि मुंबईच्या बिऱ्हाडात दोघं बरोबर वाचतात तो. पुढे तो जातो आणि तिचं केशवपन होतं. लहानपणी ते वाचून मी रडले होते. आता वाचताना दिसतं की शिकवणारा नवरा हा मराठीतला पहिला हवाहवासा नायक आहे. आणि तो खोटा नव्हता. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि घरातल्या बायकांचा विरोध सोसून त्या न्यायमूर्तींकडून शिकल्या. ज्या मुलीसाठी अक्षरांकडे जाणारी एकच वाट नवऱ्याच्या खोलीतून जात होती, तिनं त्या वाटेवर प्रेम केलं तर नवल काय?

अडचण पुढे झाली. मुली शाळेत गेल्या, बी.ए. झाल्या, नोकरीला लागल्या, तरी गोष्टीतला नायक शिकवतच राहिला. अक्षरं शिकवायची गरज उरली नाही तेव्हा तो तिला तिचं मन शिकवू लागला. तुला काय वाटतं ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, हा जो सूर आहे ना, मला वाटतं तो त्याच खोलीतून आलेला आहे. दिवा लावून देणारा हात आणि मनगट धरणारा हात ह्यांच्यामधलं अंतर मोजायचं राहून गेलं.

ते मोजणारीही होती. १९३३ साली विभावरी शिरूरकर ह्या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या कथा. त्यांना काय हवंय आणि घर त्यांना काय द्यायला तयार आहे, ह्यांच्या मधली घुसमट. एवढा गदारोळ झाला की खरं नाव लपवून ठेवावं लागलं. त्या मालतीबाई बेडेकर. आमच्याकडची प्रत अगदी जीर्ण आहे, मी ती घरी न्यायला देत नाही, टेबलाशी बसून वाचायला देते.

त्याच काळात आमच्याजवळच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर मास्तर होते, १९२० ते १९३८. मिठागरांच्या त्या गावात बसून त्यांनी ‘उल्का’ लिहिली, १९३४ मध्ये. कादंबरीला मुलीचं नाव, आणि ती मुलगी प्रेमाबरोबर आणखी पुष्कळ गोष्टींचा विचार करणारी. आमच्या भागात खांडेकरांचं नाव आदरानं घेतात, पण मुलींना त्यांची पुस्तकं मी देते ती आदरापोटी नाही. त्यांच्या नायिकांना डोकं आहे म्हणून देते, जरी मधूनमधून ते डोकं फार मोठ्या वाक्यांत बोलतं.

मग वाचनालयांचा सुवर्णकाळ आला. साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या, दोनशे-सव्वादोनशे पानांच्या, जाड पुठ्ठ्याच्या कादंबऱ्या. त्या विकत घेणारे थोडे, वाचनालयातून नेणाऱ्या हजारो. आमच्या वहीत सत्तरच्या दशकातली पानंच्या पानं बायकांच्या नावांनी भरलेली आहेत. रत्नागिरीच्या कुसुम अभ्यंकर अशाच लोकप्रिय कादंबऱ्या लिहायच्या आणि रत्नागिरीतून आमदार म्हणूनही निवडून गेल्या होत्या. कोकणातली एक बाई प्रेमकथा लिहिते आणि विधानसभेतही बसते, ह्याचा मला फार अभिमान वाटतो. ‘बायकांच्या कादंबऱ्या’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

नाक मुरडण्यावरून आठवलं. १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला होता. उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना निर्दोष सोडलं. असे प्रसंग तरुण मुलामुलींनी वाचले म्हणून ती बिघडतीलच असं खात्रीनं म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मला तो पूर्ण पटतो. चार वर्षांपूर्वी एक वडील वाचनालयात आले आणि मुलीला कादंबऱ्या देऊ नका म्हणाले. मुलगी बावीस वर्षांची. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की कार्ड तिच्या नावावर आहे. हातातलं पुस्तक काढून घेतलं की मुलगी ती गोष्ट एकटीच्या डोक्यात पूर्ण करते, आणि तिथे पान ११८ च्या समासात लिहायला कुणी नसतं.

ह्या मे महिन्यात भाची काजूच्या कारखान्यात सोलाईला जायची. कॉलेजच्या फीला हातभार म्हणून. तिच्यामुळे मला एक जग कळलं. टेबलाभोवती दहाबारा जणी, समोर भाजून फोडलेल्या गराचा ढीग, हातात छोटी सुरी. साल काढायची, अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. हात अडकलेले, म्हणून वाचणं शक्य नाही. मग एका फोनवर ऑडिओ मालिका लावायची आणि हेडफोनचं एकेक टोक दोघींनी वाटून घ्यायचं. जिच्या कानात टोक नाही तिला शेजारीण अधूनमधून सांगते की आता काय झालं.

एक दिवस मी तिला डबा द्यायला गेले तेव्हा पाच मिनिटं तिथे उभी राहिले. गोष्टीत नायिकेच्या नाजूक, गुलाबी बोटांचं वर्णन चाललं होतं. ऐकणारी मुलगी पूर्वी बिया फोडायच्या बाजूला बसायची. बिया फोडताना चीक उडतो, त्यानं कातडी करपते. तिच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं काळी पडून सोलवटली होती. त्या बोटांनी ती गर फिरवत होती, इतक्या हलक्या हातानं की पाकळी सुटत नव्हती. नायिकेच्या हातांविषयी ऐकताना तिनं एकदा आपल्या बोटांकडे बघितलं आणि पुढचा गर उचलला. ती दुखावली होती की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या अंगठ्याचं वर्णन मला अजून कुठल्या प्रेमकथेत सापडलेलं नाही, आणि सापडायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

त्याच टेबलावर ह्या गोष्टींची जी चिकित्सा चालते ती मी भाचीकडून ऐकते. करारलग्नाच्या मालिकेबद्दल एक जण म्हणाली होती, “लग्नानंतर ती कामार गेलीच नाय एकदाव.” खरं होतं. पहिल्या भागात नायिका बँकेत नोकरीला होती. तिसाव्या भागानंतर बँकेचा उल्लेखच नाही. राजीनामा दिला, असंही नाही. लेखिका विसरली. ज्या मुलीला किलोवर मजुरी मिळते, तिच्या हे लक्षात आलं.

आणि आणखी एक. भाचीनं मला त्या मालिकेच्या खालचे अभिप्राय दाखवले. भिंतीशी उभी करण्याच्या प्रसंगाखाली खूप होते, पण सगळ्यात जास्त होते भाग ९७ खाली. त्या भागात तो रागीट नायक ताप आलेल्या नायिकेसाठी रात्री दोन वाजता उठून सूप करतो, ते चुकतं, पुन्हा करतो. एवढंच. ‘असा नवरा हवा’, ‘आमच्याकडे कुणी पाणी पण देत नाही’, ‘रडले’. शेकड्यांनी.

मला जॅनिस रॅडवेचं पुस्तक आठवलं. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास करताना मी ते वाचलं होतं. ही अमेरिकन अभ्यासक १९८४ सालच्या त्या पुस्तकासाठी एका ठिकाणच्या, प्रेमकथा वाचणाऱ्या गृहिणींशी बोलली. त्यांना क्रूर नायक नको होता. त्यांना जपणारा हवा होता. कित्येक जणी आधी शेवटची पानं बघून घ्यायच्या. आणि पुस्तक उघडलं की घराला कळायचं, आता हिला हाक मारायची नाही. दिवसभर सगळ्यांना जपणाऱ्या बाईला कुणीतरी जपतंय, हे वाचायला मिळत होतं. आत्येचं पाटीमागचं पुस्तक मला त्या दिवशी नव्यानं कळलं. दुपारी बारा ते साडेबारा, बाजार मंद, तेवढा वेळ ती कुणाची आई नव्हती, कुणाची बायको नव्हती.

मग रागीट नायक का? मला वाटतं, सगळ्या जगावर डाफरणारा माणूस फक्त माझ्यासाठी सूप करतो, ह्यात त्या सुपाची किंमत वाढते. मऊ स्वभावाच्या माणसानं केलं तर त्यात काय मोठं, तो सगळ्यांसाठीच करतो. हे आकर्षण मला समजतं. मी ते भोगलेलं आहे. पण त्यात मुलीवर एक काम येऊन पडतं, त्याचा राग विरघळेपर्यंत सोसण्याचं. शंभरेक भाग सोसायचं, तेव्हा कुठे वाटीभर सूप. आणि रोज भाग टाकायचा, रोज वाचकांना उद्यापर्यंत अडकवायचं, तर तो राग लवकर विरघळून चालत नाही. भाग १४३ मध्ये दोघांनी बसून नीट बोलायचं ठरवलं तर भाग १४४ ची कुणी वाट बघणार नाही. म्हणून गैरसमज वाढवायचा, चिठ्ठी चुकीच्या हाती द्यायची, फोन अर्धवट ऐकू यायचा. लिहिणाऱ्या मुलीही बहुतेक विशीतल्याच. त्यांना दोष देताना माझा हात अडखळतो. वाचणारी, लिहिणारी, दोघी एकाच गाडीत बसलेल्या आहेत.

आमच्याकडे आणखी एक साचा आहे, त्यावर थोडक्यात बोलते. मुंबईहून येणारा नायक. मे महिन्यात येतो, चतुर्थीला येतो, गावातल्या मुलीला बघतो. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हापासून तो गाडीनं येतो, एवढाच फरक. मुलगी गावात असते आणि वाट बघते. ह्या साच्याला आमच्या खऱ्या लग्नांचा आधार आहे, चाकरमानी नवरा हवा असं आयाच म्हणतात. पण गाडी येईपर्यंत ती काय करत होती? कणकवलीला जाऊन डी.एड. करत होती, बचत गटाचा हिशोब ठेवत होती, गणपतीवर टांगायच्या माटवीला रानातली कांगणं-हरणं बांधत होती. गोष्ट मात्र गाडी आल्यावरच सुरू होते.

तर त्या रात्री, पडवीत. भाचीला मी आत्येचं वाक्य सांगितलं. एसटीची गोष्टही सांगितली, जी मी तिच्या आईलाही कधी सांगितली नव्हती. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “पण मावशे, तू नाय म्हटलंस त्याच्या मगे गोष्टीत काय लिवतले? गोष्ट संपली मा.”

ह्या प्रश्नानं मी रात्रभर जागी होते. तिचं बरोबर होतं. आपल्या गोष्टींत मुलीच्या ‘नाही’ला दोनच वाटा ठेवलेल्या आहेत. एक तर ते ‘हो’ होतं, नाहीतर ती दुःखात बुडते, एकटी पडते, कुणाच्या तरी लग्नात अक्षता टाकताना तिचे डोळे भरतात. ‘नाही’ म्हणून झाल्यावर मुलगी घरी जाते, जेवते, परीक्षा देते, दोन वर्षांनी तिला दुसरा कुणीतरी खरंच आवडतो आणि ते तिला आपसूक कळतं, अशी वाट फारच कमी. माझ्याबाबतीत तेच झालं. मला माझा नवरा एका ग्रंथालय शिबिरात भेटला. त्यानं मला विचारलं होतं, आणि विचारल्यावर उत्तराची वाट बघत तो गप्प बसला होता. ती दोनतीन मिनिटं मला आजही आठवतात. बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात प्रेमळ प्रसंग म्हणजे ती शांतता, आणि दोनशे कादंबऱ्यांत मी तसला प्रसंग वाचलेला नव्हता, म्हणून सुरुवातीला मला तो ओळखताही आला नाही.

सकाळी वाचनालय उघडल्यावर मी २०४७ काढून भाचीला दिलं. पान ११८ वर खूण घातली. तिनं चारही अक्षरं वाचली. पाचवं काही लिहिलं नाही.

आठवडाभरानं, लाईट पुन्हा गेलेली, ती कंदिलाजवळ वही घेऊन बसली. मी विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तिनंच विचारलं, “मावशे, संध्याकाळी मोचेमाडात शिरोड्याची गाडी किती वाजता येता?”

“कित्या गो?”

“तिणा तेका नाय सांगितल्यान. स्टॉपार. आता तिका घरी जावूचा आसा.”

साडेपाचच्या सुमारास येते, मी सांगितलं.

“नी ती चुकली तर?”

मग पुढची सात वाजता, पण पावसात ती वेळेवर येईलच असं नाही. तिनं ते लिहून घेतलं आणि विचारलं, स्टॉपवर पत्रे आहेत का, की मुलगी भिजेल. पत्रे आहेत, पण डाव्या बाजूनं गळतात, उजवीकडे उभं राहिलं तर कोरडं राहता येतं.

“उजवीकडे,” ती म्हणाली, आणि लिहायला लागली.